टॉवर कमी विचारतो, म्हणून नेट चालते

पाताळगंगा एमआयडीसीतली शिफ्ट सुटते आणि कंपन्यांच्या बसगाड्या दांडफाट्याच्या रस्त्याला लागतात. मोहोपाड्याच्या बाजारात तोवर भाजी-मासळीभोवती गर्दी दाटलेली असते. बसमधला जो तो मोबाइल काढून दिवसभराचे व्हॉट्सॲप उघडतो. भाजीवाली पैसे जमा झाल्याचे स्पीकरवर कधी ऐकू येते याची वाट बघत असते. वरच्या मजल्यावर कुणीतरी मॅच लावलेली असते. आणि नेमकी तेव्हाच तक्रार ऐकू येते : 'रेंज फुल दाखवतेय, पण नेट चालत नाही.'

तक्रार खरी असते आणि फोनवरच्या दांड्याही खोट्या नसतात. टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत किती जोरात पोचतोय, एवढेच दांड्या सांगतात. त्या टॉवरवर आणखी किती जण आहेत आणि आपला नंबर कधी लागणार, हे त्यांना माहीत नसते. ते ठरवतो टॉवरच्या यंत्रणेतला एक प्रोग्राम. इंजिनिअर त्याला शेड्यूलर म्हणतात. वाटणीचा हिशोब त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागात करता येतो. त्याची खरी अडचण माहितीची असते. कुणाला आत्ता सिग्नल चांगला आहे हे कळल्याशिवाय वाटणी नीट होत नाही, आणि ते कळवायचे तर तेही त्याच हवेतून कळवावे लागते. विचारपूस वाढवली की माहिती भरपूर मिळते, पण त्या माहितीच्या ये-जा करण्यातच हवेतली जागा संपून जाते. गेल्या तीस वर्षांतले वायरलेसमधले बरेचसे डोके या एका पेचावर खर्च झाले आहे.

सेकंदाच्या हजाराव्या भागाचा कारभार

भारतात मोबाइल सेवा १९९५ साली सुरू झाली. तेव्हाच्या जीएसएम पद्धतीत वाटणी ठोक होती. २०० किलोहर्ट्झच्या एका पट्ट्यात वेळेचे आठ तुकडे पाडायचे आणि प्रत्येक कॉलला त्यातला एक द्यायचा. तुम्ही बोला किंवा गप्प बसा, तुकडा तुमच्या नावावर राहायचा. बोलण्यासाठी हे पुरेसे होते, कारण बोलण्याला वेग ठरलेला लागतो आणि तो थोडाच लागतो.

इंटरनेटची भूक तशी नसते. कधी एकदम शंभर फोटो येतात, मग दहा मिनिटे काहीच येत नाही. म्हणून ४जीमध्ये कायमची वाटणी सोडून दिली. १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे १८० किलोहर्ट्झचे ५० तुकडे करतात आणि दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात हजार वेळा, कोणता तुकडा कोणत्या फोनला द्यायचा हे नव्याने ठरवतात. ५जीच्या नेहमीच्या पट्ट्यांत हा निर्णय अर्ध्या मिलिसेकंदावर येतो. आपल्या फोनवर एक फोटो उघडेपर्यंत त्या टॉवरने वाटणीचे शेकडो निर्णय घेतलेले असतात.

चढउतारांतून फायदा

हे निर्णय कोणत्या आधारावर घ्यायचे? पाळीपाळीने सगळ्यांना समान वेळ, हे सर्वांत सरळ उत्तर. पण त्यात एक मोठी संधी हातची जाते.

मोहोपाड्याच्या आसपासचा भूभाग बघा. एकीकडे कर्नाळ्याचा सुळका, दुसरीकडे माणिकगड, मधे कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड, टाक्या, इमारती. टॉवरकडून निघालेली लहर या सगळ्यांवर आपटून अनेक वाटांनी फोनपर्यंत येते. काही ठिकाणी या लहरी एकमेकींना जोर देतात, काही ठिकाणी एकमेकींना खोडतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते, त्यामुळे फोन वीतभर सरकला तरी सिग्नल कितीतरी पटींनी वरखाली होतो. ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या ५जी पट्ट्यात लहर साडेआठ सेंटिमीटरचीच असते, तिथे चार बोटांचे अंतरही पुरते. तुम्ही स्थिर उभे असाल तरी शेजारून ट्रक गेला की तेच होते.

या चढउतारांकडे इंजिनिअर बराच काळ शत्रू म्हणून बघत होते. १९९५मध्ये रेमंड नॉप आणि पिएर हम्ब्ले या दोघांनी हिशोब उलटा मांडला. एका टॉवरवर अनेक जण असतील तर सगळ्यांचे सिग्नल एकाच वेळी पडत नाहीत. कुणाचा तरी त्या क्षणी चढलेला असतोच. मग दर क्षणी ज्याचा सिग्नल चढता आहे त्यालाच पाळी द्यावी. सगळ्यांचा सरासरी सिग्नल सारखा आणि चढउतार दाट वस्तीत असतात तसे धरले, तर सर्वोत्तम फोनचा सिग्नल सरासरीच्या किती पट असेल हे एका साध्या बेरजेने निघते : १ + १/२ + १/३ + … जितके फोन तितक्या पायऱ्या. दोन फोनांना १.५ पट, दहांना २.९३ पट, शंभरांना ५.१९ पट. याचा अर्थ गर्दी वाढली तर टॉवरची एकूण क्षमता घटण्याऐवजी थोडी वाढते. प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते ते वाटेकरी वाढल्यामुळे. शिवाय सिग्नल पाचपट झाला म्हणून वेग पाचपट होत नाही. क्लॉड शॅनन यांच्या १९४८च्या सूत्राप्रमाणे वेग लॉगॅरिदमने, म्हणजे बराच संथ वाढतो. तरीही नुसत्या निवडीच्या जोरावर, वीज किंवा पट्टा न वाढवता मिळालेली ही वाढ सोडण्यासारखी नव्हती.

अडचण एकच होती. 'सर्वांत चांगल्याला द्या' हा नियम जसाच्या तसा लावला तर टॉवरखालच्या बाजारातल्या फोनांचीच चांदी होईल. माणिकगडाच्या पायथ्याच्या वाडीतल्या फोनचा सिग्नल कितीही चढला तरी बाजारातल्या पडत्या सिग्नलच्या खालीच राहणार. त्याचा नंबर कधीच लागणार नाही.

यावरचा तोडगा डेव्हिड त्से यांच्या नावाशी जोडला जातो. प्रमोद विश्वनाथ आणि राजीव लरोइया यांच्यासोबतचा त्यांचा २००२चा निबंध या क्षेत्रात पुन्हा पुन्हा वाचला जातो. नियम असा : आत्ता मिळू शकणारा वेग भागिले अलीकडे प्रत्यक्षात मिळालेला सरासरी वेग. ज्याचा भागाकार मोठा, त्याचा नंबर. समजा बाजारातल्या फोनला आत्ता ५० मेगाबिटचा वेग शक्य आहे आणि अलीकडे सरासरी २० मिळत आलाय, तर भागाकार अडीच. वाडीतल्या फोनला आत्ता फक्त ८ शक्य आहे, पण त्याला अलीकडे २च मिळत होते, तर भागाकार चार. नंबर वाडीचा. तो लागला की वाडीची सरासरी वाढते, भागाकार उतरतो, आणि पुढचा नंबर दुसऱ्याकडे जातो. जो जास्त वेळ ताटकळतो त्याची सरासरी घसरत जाते, म्हणून त्याचा भागाकार आपोआप फुगतो. कायम उपाशी कुणी राहत नाही. केंब्रिजचे गणिती फ्रँक केली यांनी तारांच्या नेटवर्कसाठी याच प्रकारच्या न्यायाचे गणित नव्वदच्या दशकात मांडले होते. 'प्रमाणबद्ध न्याय' हे त्याचे नाव पुढे वायरलेसमध्येही रूढ झाले.

टाटा फोटॉन प्लसचे डोंगल लॅपटॉपला लावून नेट वापरलेले लोक आजही भेटतात. त्यामागचे ईव्ही-डीओ तंत्र म्हणजे या विचाराचा बाजारात उतरलेला पहिला मोठा अवतार. त्यात सेकंदाला ६०० तुकडे असत, आणि दर तुकड्याला प्रत्येक यंत्र टॉवरला चार बिटांचा एक आकडा पाठवून 'मला आत्ता इतका वेग झेपेल' असे कळवत असे.

विचारपुशीचा खर्च

हा चार बिटांचा आकडा बिनमहत्त्वाचा वाटतो, पण पेच सगळा तिथेच आहे. भागाकार करायला 'आत्ता शक्य असलेला वेग' टॉवरला कळायला हवा, आणि सिग्नल कसा पोचतोय हे फक्त फोनला दिसते.

४जीचा हिशोब करून बघू. एका टॉवरवर १०० फोन, पट्ट्याचे ५० तुकडे, प्रत्येक तुकड्यावरच्या सिग्नलसाठी चार बिट, आणि हे सगळे दर मिलिसेकंदाला. गुणाकार २०,००० बिट येतो, म्हणजे सेकंदाला २ कोटी बिट, अर्थात २० मेगाबिट. तशाच १० मेगाहर्ट्झ पट्ट्यात फोनांकडून टॉवरकडे जाणारी वाट नेहमीच्या पद्धतीने फार तर २५ मेगाबिटची. म्हणजे फोनांनी नुसती हालहवाल कळवायची म्हटली तरी वाटेचे पाचातले चार भाग तिनेच अडतील. फोटो पाठवायला, यूपीआयला, व्हिडिओ कॉलला उरेल काय?

म्हणून प्रत्यक्षात फोन कंजूष बनवले आहेत. नेहमीच्या कळवण्यात ते अख्ख्या पट्ट्याचा मिळून एकच आकडा देतात, ० ते १५ मधला. बारकावा हवा असेल तर त्या सरासरीपेक्षा अमुक तुकडा किती वरखाली आहे एवढा फरक दोन बिटांत सांगतात. किंवा पन्नास तुकड्यांची यादी न देता आपल्याला सर्वांत चांगले वाटलेले मोजके तुकडेच निवडून कळवतात. कधी कळवायचे हेही टॉवरच ठरवतो, एक तर ठरावीक अंतराने, किंवा देण्यासारखे काही असेल तेव्हा मागून घेऊन.

या आकड्याचा अर्थही ध्यानात घेण्यासारखा आहे. फोन सांगतो तो सर्वांत सुरक्षित वेग नसतो. 'या वेगाने पाठवलेस तर माहितीच्या दहा तुकड्यांतला फार तर एक बिघडेल' असा त्याचा अर्थ ठरवलेला आहे. एकही तुकडा बिघडत नसेल तर आपण फार भीत भीत, म्हणजे गरजेपेक्षा संथ पाठवतोय असे टॉवर समजतो. तुकडा पोचला की नाही हे फोन एका बिटात कळवतोच. त्या हो-नाहीच्या उत्तरांवरून टॉवर फोनच्या आकड्यांना दुरुस्ती लावत राहतो. एखादा फोन स्वभावानेच फुगवून सांगत असेल तर त्याचा आकडा टॉवर परस्पर कमी करून वापरतो.

मग येतो शिळेपणाचा प्रश्न. फोनने मोजले, कळवले, टॉवरने ठरवले, पाठवले, यात चार-पाच मिलिसेकंद सहज जातात. बाजारात उभ्या माणसाला त्याने फरक पडत नाही. पण ताशी ६० किलोमीटरने दांडफाट्याकडे निघालेली बस पाच मिलिसेकंदांत आठ सेंटिमीटरहून पुढे सरकते. ५जीच्या ३५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही जवळजवळ एक अख्खी लहर झाली. फोनने 'आत्ता चढलाय' म्हणून कळवलेला सिग्नल टॉवरचे उत्तर येईपर्यंत उतरलेलाही असू शकतो. जवळच्या एक्सप्रेसवेवर ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत तर ही माहिती निरुपयोगीच ठरते. अशा फोनांसाठी क्षणाक्षणाचा नाद सोडून सरासरीवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे. त्यांना वारंवार विचारणे म्हणजे शिळ्या बातमीसाठी पैसे मोजणे.

बोलायचे कुणी?

२००४मध्ये डेव्हिड जेस्बेर आणि मोहम्मद-स्लिम अलुईनी यांनी वेगळाच प्रश्न विचारला : ज्याचा नंबर लागण्याची शक्यताच नाही, त्याने कळवायचे कशाला? शंभर मुलांच्या वर्गात गुरुजी एकेकाला उभे करून 'तुझे गणित कुठवर आले?' विचारत बसले तर तास संपेल. 'ज्यांचे झाले त्यांनी हात वर करा' म्हटले की काम भागते. त्याच चालीने एक उंबरठा ठरवायचा. सिग्नल त्याच्या वर गेला तरच फोनने बोलायचे, नाहीतर गप्प राहायचे.

यात किती वाचते आणि किती गमावतो, हे कागदावर काढता येते. वरच्यासारखेच शंभर फोन धरू. उंबरठा असा ठेवू की कोणत्याही क्षणी सरासरी तीनच फोन त्याच्या वर असतील. तो सरासरी सिग्नलच्या साधारण साडेतीन पटींवर येतो. आता शंभरांऐवजी तीन जण बोलतात, बोलणेही एका बिटाचे, नुसते 'मी वर आहे'. टॉवर त्यांतल्या कुणाही एकाला निवडतो. कधी कधी एकही हात वर येत नाही. असे साधारण शंभरात पाच वेळा होते, आणि तेव्हा डोळे मिटून कुणालाही द्यायचे. एवढे सगळे धरूनही निवडलेल्या फोनचा सिग्नल सरासरीच्या ४.३ पट निघतो. शंभर जणांनी सगळे बारकाईने सांगितले असते तेव्हा तो ५.१९ पट होता. बोलणाऱ्या तिघांनी एका बिटाऐवजी आपला नेमका आकडा सांगितला, तर ४.३चा हिशोब पाचच्या किंचित वर जातो. ९७ टक्के बोलणे गाळले आणि नुकसान झाले जेमतेम दोन-तीन टक्क्यांचे.

बोलणे कमी केल्यावर नुकसान इतके थोडे का होते? कारण टॉवरला सगळ्यांची क्रमवारी नकोच असते. त्याला फक्त पहिला नंबर हवा असतो, आणि सत्त्याण्णवावा कोण आणि अठ्ठ्याण्णवावा कोण हे कळून त्याचा निर्णय बदलत नाही.

प्रत्यक्ष नेटवर्कमध्ये ही पद्धत हुबेहूब उतरलेली नाही, त्यालाही कारण आहे. प्रत्येक फोनला कळवण्यासाठी हवेत स्वतंत्र जागा राखून ठेवली, तर तो गप्प बसूनही ती जागा अडतेच. बॅटरी तेवढी वाचते. जागा खरोखर वाचवायची तर कळवण्याची वाट सगळ्यांना सामाईक ठेवावी लागते, आणि मग दोघे एकदम बोलले तर दोघांचेही ऐकू येत नाही. पण ४जी-५जीमधली 'फक्त चांगले तुकडे कळवा' आणि 'मागितल्यावरच सांगा' ही कलमे याच विचाराची आहेत.

दिशा सांगायची तर

आतापर्यंत एका तुकड्यात एकच फोन धरला. अनेक अँटेना असलेला टॉवर त्याच तुकड्यात, त्याच क्षणी, निरनिराळ्या दिशांना सिग्नल वळवून अनेक फोनांना एकदम पाठवू शकतो. या कल्पनेच्या मुळाशी असलेल्या एका पेटंटचे धागे जवळच्या घाटापलीकडे पुणे-लोणावळ्यापर्यंत येतात. आरोग्यस्वामी पॉलराज हे नौदलाचे अधिकारी होते. खडकवासल्याच्या एनडीएतून ते निघाले आणि १९६६मध्ये लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले. थॉमस कैलाथ यांचा जन्म पुण्यातला. शिक्षण सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये, पदवी १९५६ची. पुढे दोघे स्टॅनफर्डमध्ये एकत्र आले, आणि १९९२मध्ये त्यांनी अनेक अँटेनांमधून एकाच पट्ट्यावर माहितीचे अनेक प्रवाह पाठवण्याच्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९९४ला मंजूर झाले. आजच्या ५जी टॉवरवरच्या ३२ किंवा ६४ अँटेनांच्या चपट्या पेट्या त्याच वाटेवर पुढे आलेल्या आहेत.

पण इथे टॉवरला 'किती चांगला' याबरोबर 'कोणत्या दिशेने' हेही कळायला हवे. त्यासाठी टॉवर आणि फोन या दोघांकडे दिशांची एकच यादी आधीपासून ठेवलेली असते, आणि फोन तिच्यातला नुसता क्रमांक पाठवतो. ४जीमध्ये चार अँटेनांसाठी १६ नोंदींची यादी आहे, म्हणजे पुन्हा चारच बिट. निहार जिंदल यांनी २००६मध्ये या कंजुषीची मर्यादा दाखवली. चार अँटेनांनी चार फोनांना एकदम पाठवायचे असेल, तर टॉवरची शक्ती दर वेळी दुप्पट केल्यावर प्रत्येक फोनमागे आणखी तीन बिट लागतात. नाही वाढवले तर वाढलेली शक्ती वाया जाते, कारण दिशा थोडी चुकली की एकाचा सिग्नल शेजाऱ्याच्या फोनवर सांडतो, आणि आवाज जितका मोठा तितके सांडणेही मोठे.

गर्दी इथेही मदतीला येते. मसूद शरीफ आणि बाबक हसिबी यांनी २००५मध्ये दाखवले, की टॉवरने दिशांची चौकशीच न करता स्वैरपणे काही दिशांना झोत टाकले आणि फोनांनी फक्त 'कोणता झोत, किती चांगला' एवढेच सांगितले, तरी फोन पुष्कळ असतील तर काम जवळपास तितकेच चांगले होते. प्रत्येक झोताच्या तोंडाशी नेमका उभा असलेला कुणीतरी सापडतोच. भारतात १ ऑक्टोबर २०२२पासून आलेल्या ५जीच्या ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात आणखी एक सोय आहे. तिथे जाणे आणि येणे एकाच पट्ट्यातून आळीपाळीने होते, त्यामुळे फोनकडून आलेला छोटा खुणेचा सिग्नल ऐकून टॉवरला दिशा स्वतःच ओळखता येते. फोनभोवतीचा गोंगाट मात्र टॉवरला तिथून ऐकू येत नाही, म्हणून तो ० ते १५चा आकडा ५जीतही टिकून आहे.

वाडीचा हात कसा वर येणार?

आता उंबरठ्याकडे पुन्हा एकदा वाडीच्या नजरेने बघायला हवे. सगळ्यांसाठी एकच उंबरठा ठेवला तर बाजारातल्या फोनांचे हात सतत वर राहतील आणि माणिकगडाच्या पायथ्याचा हात कधीच वर येणार नाही. तो बोलत नाही म्हणून टॉवरला त्याचा चांगला क्षण कळणार नाही, आणि कळत नाही म्हणून नंबर लागणार नाही. भागाकाराचा नियम कितीही न्यायी असला तरी ज्याची खबरच आली नाही त्याचा भागाकार करणार कसा? वाटणीतला अन्याय असा वाटणीच्या आधी, माहिती गोळा करतानाच शिरतो.

उपाय म्हणजे उंबरठा प्रत्येकाच्या स्वतःच्या मापाचा ठेवायचा. फोनने दुसऱ्याशी तुलना करायचीच नाही. आपल्या अलीकडच्या चढउतारांत हा क्षण सर्वांत चांगल्या तीन टक्क्यांतला असेल तरच बोलायचे. मग बाजारातला फोन असो की वाडीतला, प्रत्येकाचा हात शंभरातून तीनदाच वर येतो, आणि येतो तो त्याच्या स्वतःच्या चढत्या क्षणी. काटकसर तितकीच राहते आणि वेळेची वाटणीही समान होते, तीही टॉवरने कुणाची ओळख न ठेवता.

समान वेळ म्हणजे समान वेग नव्हे, हे मात्र विसरून चालणार नाही. वाडीचा सर्वोत्तम क्षणसुद्धा बाजाराच्या सर्वोत्तम क्षणाच्या जवळ जात नाही. शेड्यूलर असलेला सिग्नल वाटतो, नसलेला निर्माण करत नाही. त्यामुळे नेटची तक्रार करण्याआधी एक साधी तपासणी घरच्या घरी करता येते. संध्याकाळी रडणारे नेट पहाटे चारला सुसाट धावत असेल, तर दुखणे गर्दीचे आहे. त्यावर जास्त पट्टा, जास्त अँटेना आणि हुशार शेड्यूलर हे उपाय आहेत, आणि कंपनीकडे तेच मागावेत. पहाटे चारलाही ते तसेच रडत असेल तर वाटणीत कितीही सुधारणा केली तरी उपयोग नाही, तिथे जवळ टॉवरच लागेल. आणि तो उभा करा म्हणून सांगायला वाडीने कोणत्याही उंबरठ्याची वाट बघू नये.